गावात राहिलेल्यांचं मत

७ मे २०२४ ला रत्नागिरीजवळच्या माझ्या पाली गावचा मतदार यंत्रासमोर उभा राहिला, तेव्हा यंत्रावर शिवसेनेचा धनुष्यबाण नव्हता. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेची जागा महायुतीत भाजपकडे गेली होती, त्यामुळे नारायण राणे कमळावर लढत होते. ठाकरे गटाच्या विनायक राऊत यांच्याकडे मशाल होती. मत म्हणजे एक तर बाणाला, नाही तर बाणाच्या विरोधात, एवढाच हिशेब ज्या वाड्यांना वर्षानुवर्षं ठाऊक, तिथे हा बदल केवढा होता ते शारजात बसून मला कळलं नव्हतं. ते चुलतीने सांगितलं. "मी वरनं खाली दोनदा बघितलं. बाण कुठं गेला ते विचारायला तोंड उघडलं, तर आतल्या बाईने बोलू नका म्हणून खूण केली. मग दाबलं नि आले." काय दाबलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

२० नोव्हेंबरला, विधानसभेच्या वेळी, बाण परत आला. पण त्याच्यासमोर आता मशाल होती. एका घरातली दोन भावंडं जशी वेगळी चूल मांडतात, तसं हे वाडीतल्या बायकांनी समजून घेतलं. त्यावर त्या फार बोलत नाहीत. बोलतात ते आम्ही, बाहेर गेलेले. दुबईच्या मेट्रोत, विरारच्या लोकलमध्ये, व्हॉट्सॲपच्या वाडीवार ग्रुपांवर आमच्या चर्चा रात्री उशिरापर्यंत चालू असतात. निवडणुकीनंतर काही महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, मी गावी गेलो तो याच चर्चांची उत्तरं शोधायला. गावाने मात्र मला दुसरेच प्रश्न दिले.

आधी आकडे. लोकसभेला राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. ही आघाडी त्यांना मिळवून दिली सिंधुदुर्गातल्या कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या विधानसभा क्षेत्रांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही क्षेत्रांत राऊत पुढे होते. नोव्हेंबरात त्याच रत्नागिरीने उदय सामंत यांना ४१,५९० मतांच्या फरकाने विधानसभेत पाठवलं. ठाकरे गटाचे बाळ माने हरले. शेजारच्या राजापुरात सामंतांचे बंधू किरण सामंत यांनी राजन साळवी यांना १९,६७७ मतांनी हरवलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साळवी स्वतःच शिंदे यांच्या पक्षात आले. उदय सामंत पालीचेच. २००४ आणि २००९ मध्ये राष्ट्रवादीतून, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेतून, २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेतून, अशी त्यांची सलग पाचवी निवड. चिन्हं बदलली, माणूस तोच राहिला. राज्याचा उद्योगमंत्री आपल्या गावचा, याचा अभिमान पालीत आहे आणि तो लपवण्याचं कारणही नाही.

पण अर्ध्या वर्षात एक अख्खं विधानसभा क्षेत्र इकडचं तिकडे झालं, ते कशामुळे? तिठ्यावर चहाच्या टपरीवर विचारलं तर एक जण म्हणाला, आपला माणूस उभा होता. दुसरा म्हणाला, लोकसभेला मुसलमान आणि बौद्ध मतदार एकगठ्ठा गेले, तसे विधानसभेला गेले नाहीत. तिसऱ्याने हात झटकून सांगितलं, "पंधराशे." टपरीवरच्या बायका त्या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं घरात गेल्यावर ऐकायला मिळालं.

चुलतीकडे एक प्लास्टिकची पिशवी आहे. तीत रेशनकार्ड, आधारकार्ड, गॅसचं पुस्तक, मतदार ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. चष्मा लावून तिने पासबुकावरच्या नोंदी बोट ठेवून मला दाखवल्या. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. पात्र महिलेच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. पहिले दोन हप्ते एकदम आले, ऑगस्टमध्ये. तिने त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, बचत गटाचा थकलेला हप्ता भरला आणि उरलेल्यातून नातीला दप्तर घेतलं. "मुलगा पाठवतो, नाय असं नाय," ती म्हणाली. "पण तो पाठवतो तेव्हा विचारतो, कशाला हवेत. हे पैसे विचारत नायत."

हे वाक्य मी शारजाला परत नेलं. कारण आमच्या जिल्ह्याचा अख्खा इतिहास त्याच्या मागे उभा आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. महाराष्ट्र वाढत होता आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आटत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे बायका १,१२२. मुली नकोशा होण्याच्या काळात हा आकडा कुणाला कौतुकाचा वाटेल, पण त्याचा अर्थ एवढाच की पुरुष घरात नाहीत. पणजोबांच्या पिढीपासून ते गिरणगावात होते. खोलीत पंधरा-वीस जण, खानावळीचा डबा, गावकरी मंडळाची वर्गणी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा परळ-लालबागच्या आधी इथल्या चुली विझल्या. नंतरची पिढी नालासोपारा-विरारला सरकली, आमच्यासारखे काही आखातात गेले. मनीऑर्डर जाऊन यूपीआय आलं. एक गोष्ट मात्र टिकली: पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. देवळाचा जीर्णोद्धार कधी करायचा, पालखी कुठल्या घरी आधी जाणार आणि मत कुणाला, हे मुंबईतल्या मंडळाच्या बैठकीत ठरायचं. गावात राहिलेल्या बायकांपर्यंत निरोप यायचा.

म्हणून योजनेबद्दल बोलताना मला दोन्ही बाजूंनी सावध राहावंसं वाटतं. निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेली, २,१०० रुपयांचं आश्वासन देऊन अजून १,५०० वर असलेली ही योजना राज्याच्या तिजोरीवर किती ताण आणते, हा रास्त प्रश्न आहे. २०२५ मध्ये पडताळणीत सव्वीस लाखांच्या आसपास लाभार्थी अपात्र असण्याची शक्यता सरकारनेच सांगितली आणि सप्टेंबरात सगळ्यांना ई-केवायसी सक्तीची झाली. चुलतीच्या वयाच्या बाईला अंगठा, ओटीपी आणि नेटवर्क यांची गाठ घालताना दोन फेऱ्या माराव्या लागल्या. परंतु "दीड हजारात मत विकलं" असं जे आम्ही बाहेर बसून सहज बोलतो, ते मला आता बोलवत नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला कारण न सांगता खर्च करता आला. त्या बदल्यात तिने मत दिलं असेलच, तर तो तिने पुऱ्या शुद्धीत केलेला व्यवहार आहे, आणि मंडळाच्या निरोपावर दिलेल्या मतापेक्षा तो कमी प्रतीचा नाही.

पालीचा तिठा मात्र बघवत नाही. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरकडून रत्नागिरीला येणारा रस्ता इथे भेटतात. हातखंब्यापर्यंत दोन्ही एकच होऊन जातात आणि तिथून एक फाटा रत्नागिरीला वळतो. आमच्या लहानपणी रात्री अकरानंतर तिठ्यावर फक्त ट्रकवाल्यांचा चहा असायचा. आता दोन्ही महामार्गांचं चौपदरीकरण एकाच गावाच्या छातीवर चालू आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं काम पनवेलच्या बाजूने २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं बारावी होऊन कॉलेजात गेली. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. दर वर्षी गणपतीच्या आधी मंत्री पाहणी करतात, दर वर्षी नवी तारीख जाहीर होते. २०२५ ची तारीख जून होती.

मी गावी होतो तेव्हा जून यायच्या आधीच पाऊस आला. २५ मे रोजी मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला, इतक्या लवकर तो कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही वळिवाने झोडपून काढले. डोंगर उभा कापून ठेवलेला, वरची लाल माती मोकळी. सकाळी बघतो तर रस्त्यावर घोटाभर चिखल, एसटी आडवी आणि दोन्ही बाजूंना आंब्याच्या गाड्या अडकलेल्या. रुंदीकरणात दुकान गेलेल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने आता सेवा रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आहे. मोबदला मिळाला, तो नाकारत नाही. तो म्हणाला, "पैशे बँकेत हायत. पण गिऱ्हाईक वरनं जाणार, मी खाली." पूल झाला की गाड्या गावावरून उडून जातील, हे त्याला इंजिनिअरने नकाशा दाखवून समजावलं आहे. रस्ता नको असं पालीत कुणी म्हणत नाही. गाडीने रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचायला लागणारी मिनिटं इथे माणसं मोजतात, आणि जुलैच्या अखेरीस हातखंब्याजवळ गॅसचा टँकर उलटून महामार्ग बंद झाला तेव्हा तर सगळ्यांनीच मोजली. त्यांचं म्हणणं इतकंच की, काम चालू असताना आम्ही कुठून चालायचं ते कुणीतरी सांगावं. मतदानाच्या आधी उमेदवारांना हा प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळालं: हे केंद्राचं काम. तेही खरंच.

आणि कलमं. आमच्या वाडीमागच्या कातळावरची आमची हापूसची कलमं आता कराराने दिलेली आहेत. राखणीला नेपाळी कुटुंब. नवरा-बायको आणि शाळकरी वयाचा मुलगा, बागेतल्या एका खोलीत. रत्नागिरीच्या बागांत आणि मच्छीमार बोटींवर आज नेपाळी हात नसतील तर काम उभं राहायचं नाही, हे इथला कुठलाही बागायतदार सांगेल. पालवी फुटण्यापासून ते शेवटची पेटी वाशीला जाईपर्यंत फवारणी, राखण, वानर हाकणं सगळं तेच करतात. मी गेलो तेव्हा तो माणूस घळ घेऊन झाडावर होता. देठासकट फळ उतरवायचं, चीक अंगावर ओघळू द्यायचा नाही, खाली क्रेटमध्ये हलक्या हाताने ठेवायचं. आमच्या आजोबांनी मला जे शिकवायचा प्रयत्न केला ते त्याला माझ्याहून फार चांगलं येतं. पावसाने उरलेला माल डागळला, तो कॅनिंगला किलोच्या भावाने गेला. करारदार त्या दिवशी कुणाशी बोलत नव्हता.

संध्याकाळी मी त्या कुटुंबाशी बोलत बसलो. हिंदीतून, दोघांचीही परकी. त्याचं गाव पश्चिम नेपाळच्या डोंगरात. जूनमध्ये परत जाणार, शेती लावणार, दसऱ्यानंतर पुन्हा इकडे. नेपाळच्या २०२२ च्या निवडणुकीत तो मत द्यायला गेला नव्हता, कारण ती नोव्हेंबरात होती आणि नोव्हेंबरात तो इथे आमच्या बागेत होता. मी त्याला सांगितलं की आमच्याकडची निवडणूकही नोव्हेंबरातच झाली आणि मीही इथे नव्हतो. तो हसला. बायकोने चहा आणला. त्याचा मुलगा इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातले काही महिने बसतो आणि मराठीत पाढे म्हणतो. पट टिकवायला त्या शाळेला तो हवाच आहे. आम्ही सोडलेल्या जागेवर आता कुणीतरी राबतं आहे. त्याला इथे मत नाही, तिथे पोचता येत नाही.

आमचं काय? आखातात कितीही वर्षं काढली तरी तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही, पासपोर्ट भारताचाच राहतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली कलम २०अ आलं आणि अनिवासी भारतीयाला नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या गावच्या यादीत नाव घालता येऊ लागलं. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन त्या मतदान केंद्रावर जातीने हजर राहावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत दिलं ते ३ हजारांहूनही कमी जणांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. टपाली किंवा इलेक्ट्रॉनिक मताची मागणी आखातातल्या भारतीयांच्या संघटना अनेक वर्षं करत आहेत. माझंही मत आधी तेच होतं. पालीत राहिल्यावर मला त्याबद्दल शंका वाटायला लागली आहे. रस्त्यावरचा चिखल ज्याच्या पायाला लागत नाही, त्याचं मत त्या चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या मताइतकंच मोजावं का? केरळचा माणूस वेगळं उत्तर देईल, आणि त्याच्याकडे त्याची कारणं असतील. कोकणात आधीच मंडळांचं वजन गावावर पुरेसं आहे.

मुंबईकर चाकरमान्यांची गोष्ट थोडी निराळी. लोकसभेला आमच्याकडे ७ मे आणि मुंबईत २० मे, अशा वेगळ्या तारखा होत्या. विधानसभेला अख्ख्या राज्याचं मतदान एकाच दिवशी. नाव गावच्या यादीत ठेवायचं की विरारच्या, हा प्रश्न घराघरात आहे, आणि त्याचं उत्तर बहुधा लांबणीवर टाकलं जातं. घर गावचं, जमीन गावची, देव गावचा; नाव तरी कसं काढायचं?

तरुणांकडे वळायला हवं. पालीत आता वरिष्ठ महाविद्यालय आहे. आमच्या वेळी बारावीनंतर रत्नागिरी किंवा थेट मुंबई, एवढेच मार्ग होते. तिथल्या मुलांशी बोललो. पुणे, चाकण, गोव्यातले औषधांचे कारखाने, एखाद्याच्या तोंडी आखात. उद्योग यावेत असं त्यांना वाटतं आणि कुठले यावेत याबद्दल ते आपसांत भांडतात. नव्वदच्या दशकात रत्नागिरीकरांनी स्टरलाइटचा तांब्याचा प्रकल्प परत पाठवला, तो तुतिकोरिनला गेला आणि तिथे २०१८ मध्ये गोळीबारात माणसं मेली, हे त्यांना माहीत आहे. नाणारच्या रिफायनरीचं भूसंपादन २०१९ च्या लोकसभेआधी रद्द झालं, मग बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ मध्ये सड्यावर बायका उन्हात आडव्या पडल्या. सत्तेत असताना प्रकल्पासाठी जागा सुचवायची आणि विरोधात गेल्यावर आंदोलकांच्या मांडवात बसायचं, हे त्यांनी पाहिलं. दोन्ही निवडणुकांत एकाही बाजूने या विषयावर सरळ कौल मागितला नाही. मला ही फार मोठी चूक वाटते. पंचविशीतल्या मुलाला पोटाचं आणि पाण्याचं असं दोन्ही एकाच वेळी विचारण्याचा हक्क आहे.

पण पालीतला खरा निवडणुकीचा प्रश्न विधानसभेचा नव्हताच, हे मला उशिरा उमगलं. रत्नागिरी जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आधी ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, असे दावे न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मधल्या काळात आमदार-खासदार निवडले गेले, सरकारं बदलली. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, नळपाणी योजना, वाडीचा रस्ता, गुरांचा दवाखाना हे सगळं ज्या संस्थेकडे, तिथे मात्र साडेतीन वर्षं उलटली तरी लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. वाडीत जलजीवनचे निळे पाइप येऊन पडले आहेत. नळाला पाणी नाही. आधी लोक जिल्हा परिषद सदस्याच्या ओसरीवर जाऊन भांडत. या काळात ते अर्ज द्यायचे, पोच घ्यायचे आणि थांबायचे. मी गावात असतानाच, ६ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला. सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

त्या आदेशाची बातमी आमच्या वाडीत सगळ्यात आधी माझ्या चुलतवहिनीने वाचली. ती बचत गटाची अध्यक्ष. काजू सोलण्याचं, कोकमाचं आगळ भरण्याचं काम गटाकडे आहे. जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात. आपला गण महिलेसाठी सुटला तर उभं राहायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. कुठल्या पक्षाकडून, ते ती सांगत नव्हती. मुंबईच्या मंडळातून तिच्या दिरांचा फोन आला होता: आधी मंडळात विषय घ्यावा लागेल. तिने तो फोन माझ्यासमोर शांतपणे ऐकून घेतला.

मी तिला विचारलं, माझ्याकडून काय मदत हवी. मनात पैसे होते, आम्हा बाहेरच्यांच्या मनात तेच आधी येतं. तिने कपाटावरून मतदार यादीची झेरॉक्स काढली. आमच्या घराच्या क्रमांकापुढे पेनाने खुणा केलेल्या होत्या. आजोबा, जे केव्हाच गेले. बहीण, जी लग्न होऊन लांज्याला नांदते. विरारचे दोघे भाऊ. यांपैकी घरात कायम राहणारं कुणी नाही.

"पैसे नकोत, भावोजी. ही नावं बघा," ती म्हणाली. "वाडीत मतं किती नि चुली किती, हे एकदा तरी जुळू दे. कुणाच्या दारात जायचं ते कळायला नको?"

आजोबांचं नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरून आम्ही मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, बीएलओकडे दिला. बहिणीने लांज्याच्या यादीत नाव हलवायचं कबूल केलं. भाऊ मात्र अडले. थोरल्याचं म्हणणं, नाव काढलं तर गाव सुटलं. मी फोन वहिनीकडे दिला.

"ठेवायचं तर ठेवा," तिने त्याला सांगितलं. "पण मग पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला या. पाण्याचा विषय मी लावून धरणार हाय, हात वर करायला माणसं लागतील."